इतर धर्मांचे लोक, देव न मानणारे लोक आणि मृत्यूनंतरचा देवाचा स्वीकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात गेली अनेक वर्षे रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला शिकवते आणि ज्या घरात मृत्यू झाला असेल तेथे प्रार्थनेसाठी जाणाऱ्या गटाबरोबर जाते. आई कॅथलिक, वडील हिंदू, जावई बौद्ध आणि धाकटा मुलगा काहीच न मानणारा, असे घर आमच्या धर्मग्रामात आता नवलाचे राहिलेले नाही. त्यामुळे पुढचे प्रश्न मला वर्गात कमी आणि इमारतीच्या जिन्यात, रिक्षात, जवाहरबाग स्मशानभूमीच्या फाटकाशी जास्त वेळा विचारले गेले आहेत. उत्तरे कॅथलिक ख्रिस्तसभेच्या शिकवणीला धरून दिली आहेत, आणि जेथे मत माझे स्वतःचे आहे तेथे तसे स्पष्ट म्हटले आहे.

प्रश्न: ख्रिस्ती नसलेल्या माणसाला देव मृत्यूनंतर स्वीकारतो का? आधी थेट उत्तर हवे आहे.

होय, स्वीकारू शकतो. ही एखाद्या मवाळ मनाच्या फादरांनी स्वतःच्या जबाबदारीवर दिलेली सवलत नाही, ही ख्रिस्तसभेची अधिकृत शिकवण आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, २१ नोव्हेंबर १९६४ रोजी जाहीर केलेल्या 'लुमेन जेन्सियुम' या दस्तऐवजाच्या सोळाव्या परिच्छेदाचा आशय असा आहे, की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताच्या शुभवर्तमानाची किंवा त्याच्या ख्रिस्तसभेची ओळख झाली नाही, पण जे प्रांजळ मनाने देवाचा शोध घेतात आणि सदसद्विवेकबुद्धीने जी त्याची इच्छा म्हणून ओळखली ती त्याच्या कृपेच्या बळावर आचरण्याचा प्रयत्न करतात, त्यांनाही सार्वकालिक तारण, म्हणजे देवापाशी कायमचे जीवन, मिळू शकते. ज्यू आणि मुस्लिम बांधवांचा तेथे आदराने उल्लेख आहे, आणि सावल्यांमध्ये व प्रतिमांमध्ये अज्ञात देवाला शोधणाऱ्यांपासूनही देव दूर नाही, असे म्हटले आहे.

'मिळू शकते' हे शब्द मात्र सावकाश वाचावेत. अमुक एक मनुष्य स्वर्गात पोहोचला, असे ते सांगत नाहीत. अमुक एक पोहोचला नाही, असे सांगण्याची मुभाही ते कोणाला देत नाहीत.

प्रश्न: 'मार्ग, सत्य व जीवन मीच आहे; माझ्या द्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही,' असे प्रभू येशू स्वतः म्हणतो. मग वरचे उत्तर या वचनाच्या विरुद्ध जात नाही का?

योहानाच्या चौदाव्या अध्यायातले हे वचन आम्ही सौम्य करून वाचत नाही. ज्या कोणाचे तारण होते, मग तो सोळाव्या शतकातला ठाण्याचा कोळी असो किंवा आज वाशीत राहणारा संगणक अभियंता असो, त्याचे तारण ख्रिस्ताद्वारेच होते, अशीच ख्रिस्तसभेची श्रद्धा आहे. प्रश्न एवढाच उरतो, की ज्याच्याद्वारे आपण पित्याकडे जात आहोत त्याचे नाव ठाऊक नसताना त्याच्याद्वारे जाता येते का.

वर्गातल्या मुलांना मी नळाचे उदाहरण देते. ठाण्याच्या घराघरांत येणारे पाणी भातसा आणि उल्हास या नद्यांवरून येते, नवी मुंबईचे मोरबे धरणातून येते, आणि पहाटे उठून नळाखाली कळशी लावणाऱ्या कित्येकांनी ती नदी किंवा ते धरण आयुष्यात पाहिलेले नसते. पण तहान भागते ती त्याच पाण्याने. उदाहरण अपुरे आहे, कारण ख्रिस्त पाण्यासारखा मुका नाही. तो हाक मारतो आणि ओळखले जाण्याची वाट पाहतो. तरीही 'त्याच्याद्वारे' आणि 'त्याचे नाव घेऊन' या दोन गोष्टींतले अंतर मुलांना त्यातून कळते. प्रेषितांच्या कृत्यांच्या दहाव्या अध्यायात कर्नेल्य हा रोमी शताधिपती बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा संस्कार) होण्याच्या कितीतरी आधी प्रार्थना आणि दानधर्म करत होता, आणि ते देवापुढे पोहोचल्याचे देवदूत त्याला सांगतो. देव पक्षपाती नाही, हे प्रेषित पेत्राला कर्नेल्याच्या उंबरठ्याच्या आत गेल्यावर उमगले.

प्रश्न: पण 'ख्रिस्तसभेबाहेर तारण नाही' असे आम्हाला लहानपणी शिकवले होते. ते वाक्य आता रद्द झाले का?

रद्द झालेले नाही. त्याचा अर्थ समजून घ्यायला ख्रिस्तसभेला अनेक शतके लागली, आणि हे कबूल करण्यात मला संकोच वाटत नाही. हे वाक्य तिसऱ्या शतकातील कार्थेजचे बिशप सायप्रियन यांच्याकडे जाते, आणि त्यांच्यापुढे होते ते ख्रिस्तसभा फोडून बाहेर पडणारे ख्रिस्ती लोक, दूरदेशीचे अनभिज्ञ लोक नव्हेत. पुढे ते वाक्य कठोर होत गेले. फ्लोरेन्सच्या परिषदेने १४४२ साली ज्यू आणि इतर धर्मीय मृत्यूपूर्वी ख्रिस्तसभेत आले नाहीत तर सार्वकालिक अग्नीत जातील, असे स्पष्ट शब्दांत लिहिले. तेव्हाच्या युरोपात समज असा होता, की शुभवर्तमान सगळ्या जगाच्या कानी गेलेले आहे, म्हणून जो बाहेर आहे तो हट्टानेच बाहेर आहे.

पन्नास वर्षांनी, १४९२ मध्ये, कोलंबसाची जहाजे अशा भूमीवर पोहोचली, जेथे ख्रिस्ताचे नाव कधी कोणी ऐकलेच नव्हते. येथून धर्मपंडितांची झोप उडाली. स्पेनमधील डोमिनिकन पंडित फ्रान्सिस्को दे व्हिटोरिया यांनी असे मांडले, की ज्यांच्यापर्यंत श्रद्धा नीट आणि पटेल अशा रीतीने पोहोचलीच नाही, त्यांचा अविश्वास हे त्यांचे पाप ठरत नाही. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये बाप्तिस्म्याबरोबर बाप्तिस्मा घेण्याच्या 'इच्छे'चाही उल्लेख केला. पोप नववे पायस यांनी १८६३ मध्ये अटळ अज्ञानात असलेल्यांविषयी लिहिले, की ज्याचा जाणूनबुजून दोष नाही त्याला देव सार्वकालिक शिक्षा होऊ देत नाही. आणि विसाव्या शतकात बॉस्टनचे फादर लिओनार्ड फीनी जेव्हा या वाक्याचा अगदी शब्दशः अर्थ लावून कॅथलिक नसलेल्या सर्वांना नरकात पाठवू लागले, तेव्हा रोमने १९४९ च्या पत्रात तो अर्थ अमान्य केला. बोलावणे येऊनही ते रोमला गेले नाहीत, आणि १९५३ मध्ये त्यांना ख्रिस्तसभेतून बहिष्कृत करण्यात आले. सर्वांना बाहेर काढणारे स्वतः बाहेर गेले. पुढे त्यांचा समेट झाला याचा मला मनापासून आनंद आहे.

प्रश्न: आमचे पूर्वज पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले. त्यांच्या आधीच्या पिढ्यांचे काय झाले असेल?

ठाणे, वसई, उत्तन या पट्ट्यातल्या प्रत्येक ईस्ट इंडियन (येथल्या मूळच्या कॅथलिक समाजाच्या) घरात कोणी ना कोणी हा प्रश्न कधीतरी मनात आणलेला असतो, आणि बहुतेकांनी तो मनातच ठेवलेला असतो. वसई १५३४ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली. त्याआधीचे आपले पणजोबांचे पणजोबा शेतात राबले, मासे मारले, लेकरांना वाढवले आणि येशूचे नाव न ऐकता गेले.

संत फ्रान्सिस झेवियर यांच्यापुढे हाच प्रश्न जपानमध्ये उभा राहिला. तेथून परतल्यावर १५५२ साली कोचीनहून लिहिलेल्या पत्रात ते सांगतात, की नव्याने ख्रिस्ती झालेले जपानी लोक आपल्या मृत आईवडिलांना आता काही उपाय नाही हे ऐकून रडू लागले, आणि प्रिय मित्रांना असे रडताना पाहून आपलाही जीव कळवळला. त्या काळच्या शिकवणीप्रमाणे त्यांच्यापाशी देण्यासारखे दुसरे उत्तर नव्हते. संत झाले तरी त्यांच्या हाती जेवढे होते तेवढेच ते देऊ शकले. आज ख्रिस्तसभा त्या जपानी माणसांना त्याहून अधिक सांगू शकते.

आपण दर रविवारी विश्वासांगीकार म्हणतो. प्रेषितांच्या विश्वासांगीकारात ख्रिस्त मेला, पुरला गेला आणि 'अधोलोकात उतरला' असे आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रात मेलेल्यांनाही शुभवर्तमान सांगण्यात आले, असे म्हटले आहे. या ओळीपाशी मी दर वेळी क्षणभर थांबते. जो मेलेल्यांपर्यंत स्वतः चालत गेला, त्याला आपल्या पणज्यांपर्यंतची वाट सापडली नसेल, असे मानायला माझे मन धजत नाही.

प्रश्न: इतर धर्मीय निदान देवाला मानतात. जो देव मुळी मानतच नाही, त्याचे काय?

येथे मला माझ्या बाबांविषयी लिहावे लागेल. ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. हिंदू घरात जन्मले, तरुणपणीच देवपूजा सोडली आणि ख्रिस्तमंदिरात आईबरोबर फक्त लग्नाच्या दिवशी आले, तेही बिशपांची रीतसर परवानगी मिळाल्यावर. आम्हा मुलांच्या बाप्तिस्म्याला त्यांनी हरकत घेतली नाही. स्वतः मात्र कधी हात जोडले नाहीत.

२६ जुलै २००५ च्या रात्री लोकल बंद पडल्या आणि हजारो माणसे पूर्व द्रुतगती महामार्गाने पाण्यातून चालत ठाण्याकडे येत होती. बाबा बॅटरी घेऊन तीन हात नाक्यावर जाऊन उभे राहिले आणि ज्यांच्याने पुढे चालवत नव्हते त्यांना किसननगरच्या आमच्या खोलीत आणत राहिले. एकूण अकरा माणसे आली. आई स्टोव्हवर पिठले रटरटत ठेवून भाकऱ्या थापत होती. एक म्हातारे गृहस्थ थंडीने इतके कुडकुडत होते, की त्यांना बुटाची नाडी सोडता येईना. बाबांनी खाली बसून ती सोडली, त्यांचे पाय आपल्या पंच्याने पुसले, आणि सकाळपर्यंत वाळावेत म्हणून बुटांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते स्टोव्हजवळ उभे करून ठेवले. त्या गृहस्थांचे नाव आम्हाला शेवटपर्यंत कळले नाही.

बाबा गेले तेव्हा घरी भेटायला आलेल्या एका प्रवचनकारांनी आईला समोर बसवून सांगितले, की तुमचे यजमान हरवले, त्यांच्यासाठी प्रार्थना करून आता उपयोग नाही. आई काही बोलली नाही. तिने त्यांच्यासाठी आणलेला चहाचा कप तेवढा परत आत नेला. मी हे सारे शिकायला घेतले ते त्या दिवसापासून.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे जे चित्र आहे ते आपण इतक्यांदा ऐकतो, की त्यातले आश्चर्य ऐकू येईनासे होते. 'मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही मला खायला दिले, मी परका होतो तेव्हा तुम्ही मला घरात घेतले,' असे राजा म्हणतो, तेव्हा उजवीकडचे लोक आनंदित होण्याआधी चकित होतात. प्रभू, आम्ही तुला कधी भुकेलेला पाहिले, असे ते विचारतात. त्यांनी त्याला ओळखलेलेच नव्हते. आणि ओळखले नव्हते, हे त्या न्यायाच्या दिवशी त्यांच्याविरुद्ध मोजले जात नाही.

अधिकृत शिकवणीकडे यायचे तर, वर सांगितलेल्या सोळाव्या परिच्छेदातच पुढे असे आहे, की स्वतःच्या दोषाविना जे अजून देवाच्या स्पष्ट ज्ञानापर्यंत पोहोचलेले नाहीत, पण सरळ आयुष्य जगण्यासाठी झटतात आणि तेही कृपेवाचून नव्हे, त्यांनाही तारणासाठी आवश्यक असलेले साहाय्य देव नाकारत नाही. शिवाय १९६५ च्या 'गावदियुम एत स्पेस' या दस्तऐवजाने नास्तिकतेची कारणे शोधताना श्रद्धाळूंकडेही बोट दाखवले आहे: आपल्या वागण्यातल्या दोषांनी आपण देवाचा खरा चेहरा दाखवण्याऐवजी झाकतो, म्हणून नास्तिकता उपजण्यात आपलाही वाटा असतो. आईसमोर बसून बोललेले ते प्रवचनकार मला ही ओळ वाचताना नेहमी आठवतात.

प्रश्न: म्हणजे चांगले वागले की पुरे, असेच ना?

तसे नाही, आणि या बाबतीत मी फार जपून बोलते. स्वर्ग हे चांगुलपणाच्या गुणांची बेरीज करून मिळवायचे प्रमाणपत्र नव्हे; ख्रिस्ती माणसालाही तो स्वतःच्या पुण्याईवर मिळत नाही. क्रुसावरच्या पश्चात्तापी चोरापाशी दाखवायला एकही सत्कृत्य नव्हते. येशूच्या दाखल्यातल्या द्राक्षमळ्यात शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाची मजुरी मिळाली. बाबांनी त्या रात्री जे केले त्याने त्यांनी देवाला बांधून घेतले असे मी म्हणत नाही; त्या रात्री देवाची कृपा त्यांच्या हातांत काम करत होती आणि त्यांनी हात मागे घेतला नाही, असे म्हणते. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने म्हटले आहे, की नियमशास्त्र (ज्यूंना देवाने दिलेले नियम) न मिळालेले लोक त्यानुसार वागतात तेव्हा ते नियम आपल्या अंतःकरणावर लिहिलेले आहेत हे दाखवतात.

प्रश्न: ज्याने ख्रिस्ताविषयी सर्व ऐकले, वाचले आणि तरीही नाकारले, त्याचे काय?

ख्रिस्तसभा देवाने आवश्यक म्हणून स्थापली आहे हे जाणूनही जो तिच्यात येण्यास किंवा राहण्यास नकार देतो त्याचे तारण होऊ शकत नाही, असे त्याच 'लुमेन जेन्सियुम'च्या चौदाव्या परिच्छेदात आहे. ही ओळ झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. तिचे सगळे वजन 'जाणूनही' या शब्दावर आहे, आणि माझे मत असे, की ऐकणे आणि जाणणे यांत फार मोठे अंतर असते. ज्या मुलाला शाळेत देवाच्या नावाने छडी बसली, ज्या स्त्रीला नवऱ्याचा मार सोसणे ही देवाची इच्छा आहे असे सांगितले गेले, त्यांनी पुढे जे नाकारले ते ख्रिस्ताला नाकारले, की त्याच्या नावाने पुढे केलेल्या भलत्याच कोणाला, हे बाहेरून कोणालाही कळणार नाही.

प्रश्न: बाप्तिस्मा होण्याआधीच गेलेल्या बाळाला देव स्वीकारतो का?

हा प्रश्न विचारणाऱ्या आईला मी आधी उत्तर देत नाही, आधी तिच्याजवळ बसते. अशा बाळांसाठी पूर्वी 'लिम्बो' नावाची एक अवस्था शिकवली जात असे. ती धर्मपंडितांची उपपत्ती होती, श्रद्धेचा सिद्धांत कधीच नव्हती. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय धर्मपंडित आयोगाचा जो अभ्यास पोप सोळावे बेनेडिक्ट यांच्या संमतीने प्रसिद्ध झाला, त्याचा निष्कर्ष असा, की या बाळांचे तारण होते अशी आशा बाळगण्यास गंभीर कारणे आहेत. देवाने तारण बाप्तिस्म्याशी जोडले आहे, पण तो स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही, असे कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात आहे. बालकांना माझ्याकडे येऊ द्या, असे म्हणणाऱ्यापाशी ते बाळ आहे, असे मी त्या आईला सांगते.

प्रश्न: मग शेवटी सगळेच स्वर्गात जाणार का?

तशी हमी ख्रिस्तसभा देत नाही. प्रेम नाकारता येते, आणि शेवटपर्यंत नाकारता येते. नरक म्हणजे त्या नकाराला मिळालेली मोकळीक. मात्र ख्रिस्तसभेने हजारो स्त्रीपुरुषांना संत म्हणून जाहीर केले, आणि अमुक एक मनुष्य नरकात आहे असे आजवर एकाचेही नाव घेऊन जाहीर केलेले नाही. सर्वांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा आहे, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आहे, म्हणून सर्वांसाठी आशा धरणे आणि प्रार्थना करणे आपल्या हाती आहे.

प्रश्न: सर्व ख्रिस्ती पंथ असेच मानतात का?

नाही. अनेक इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंट परंपरेतल्या) मंडळ्या मृत्यूपूर्वी येशूवर जाणीवपूर्वक ठेवलेल्या विश्वासावाचून तारण नाही असे शिकवतात, आणि ते ही भूमिका प्रामाणिकपणे, शास्त्रवचनांच्या आधारे घेतात. मला ती पटत नाही, पण त्यांच्या कळकळीविषयी मला शंका नाही.

प्रश्न: आमच्या हिंदू, मुस्लिम, ज्यू शेजाऱ्यांच्या धर्मांत आमच्याविषयी काय म्हटले आहे?

त्यांच्या वतीने बोलण्याचा मला अधिकार नाही, परंतु काही गोष्टी प्रसिद्ध आहेत. गीतेच्या नवव्या अध्यायात श्रद्धेने अन्य देवतांना भजणारेही, विधीला सोडून का होईना, मलाच भजतात, असे श्रीकृष्ण सांगतात. कुराणाच्या दुसऱ्या सुऱ्यात ईश्वरावर आणि अंतिम दिवसावर श्रद्धा ठेवून सत्कर्मे करणाऱ्या ज्यू व ख्रिस्ती लोकांनाही भय नाही, असे म्हटले आहे, आणि ते इतर आयतींशी कसे जुळवून वाचावे याविषयी इस्लामी विद्वानांत मतभेद आहेत. ज्यू परंपरेत सर्व राष्ट्रांतील नीतिमान माणसांना येणाऱ्या जगात वाटा आहे. ठाण्यात बेने इस्रायल समाजाचे १८७९ मध्ये बांधलेले सिनेगॉग आहे. त्याचे नाव 'शार हाशमायिम', म्हणजे स्वर्गाचे दार. रिक्षाच्या रांगेपासून काही पावलांवर असलेल्या त्या नावाजवळून मी जाते तेव्हा हे दार आपण एकट्यांनी बांधलेले नाही, असे वाटते.

याच शहरात १३२१ मध्ये टोलेंटिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन साथीदार असे चार फ्रान्सिस्कन संघाचे धर्मबंधू मारले गेले. तेथील काझींपुढे झालेल्या वादात एकमेकांच्या श्रद्धेविषयी कठोर शब्द गेले होते. त्यांच्या धैर्याला मी वंदन करते. तो वाद पुन्हा व्हावा असे मला वाटत नाही.

प्रश्न: मग शुभवर्तमान सांगायचेच कशाला?

कारण ज्याने आपल्यावर प्रेम केले त्याचे नाव कळावे, एवढे कारण पुरेसे आहे. बाबांना ते नाव आयुष्यभर जवळचे वाटले नाही, याचे मला आजही दुःख आहे. त्यांचे तारण झाले असेल अशी आशा धरल्याने ते दुःख मिटत नाही.

प्रश्न: ख्रिस्ती नसलेल्या आप्तासाठी मिस्सा (ख्रिस्तमंदिरातली मुख्य उपासना) सांगता येते का? अंत्यविधीला काय करावे?

मिस्सा सांगता येते. १९८३ च्या धर्मविधिसंहितेतील ९०१ व्या नियमानुसार धर्मगुरू कोणाही जिवंत वा मृत व्यक्तीसाठी मिस्सा अर्पण करू शकतात. धर्माची अट नाही. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीचा ख्रिस्तमंदिरातील अंत्यविधी ही वेगळी बाब आहे, त्यासाठी फादरांशी आधी बोलावे. स्मशानात जावे, खांदा द्यावा, घरच्यांच्या विधींच्या वेळी शांतपणे उभे राहून मनात आपली प्रार्थना म्हणावी. मृताच्या गतीविषयी तेथे एक अक्षरही बोलू नये. जेवणाचा डबा पोहोचवावा.

२ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या दिवशी, आई दर वर्षी कार्यालयात जाऊन मिस्सासाठी चिठ्ठी देते. पहिल्या वर्षी खिडकीतल्या तरुणाने चिठ्ठी वाचून बाप्तिस्म्याचे नाव विचारले. बाप्तिस्मा झालेला नव्हता, असे आईने सांगितले. त्याने एकदा मान वर करून तिच्याकडे पाहिले, आणि मग बाबांचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव, जसे त्यांच्या कारखान्याच्या ओळखपत्रावर होते तसेच, वहीत सावकाश उतरवून घेतले.